निळ्या ठिपक्याचा हजेरीपट

परमेश्वराने जगात एवढी माणसं निर्माण केली ती केवळ आमच्या हेडमास्तरांना मोजायला काहीतरी असावं म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता कसलीही शंका उरलेली नाही. माणूस दिसला की ते मोजायचे. नुसतं मोजून गप्प बसले असते तर मी हे लिहायला घेतलंच नसतं. पण मोजलेल्या माणसांची ते तिथल्या तिथे वर्गवारी करायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की पहिला घास तोंडात जायच्या आत त्यांची नजर सगळ्या पानांवरून फिरून आलेली असायची. "समोरच्या रांगेत बावीस. त्यातले सातवी पास सहा, चौथीत सोडलेले अकरा. अन् थो वाढपी पाहा, त्याले पाढे म्या शिकवले, म्हून तर बुंदी सारखी वाढून राह्यला." बारशाला गेले की पाळण्यात डोकावून, हे मूल पहिलीत कोणत्या वर्षी येणार ते आधी सांगायचे आणि मुलगा की मुलगी हे मग विचारायचे. एकदा एसटीने येताना मारेगावच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबून पुन्हा निघाली, तर यांनी मागच्या बाकावरून आरडाओरडा केला, "कंडक्टर, एक कमी हाये!" कंडक्टर नवा होता. तो म्हणाला, "गुरुजी, तिकिटं मी मोजतो, तुमी बसा ना." "तिकिटं मोजा तुमी. मी मानसं मोजून राह्यलो. निळ्या शर्टाचा, चौथी नापास, थो दिसत नाई." गाडी मागे घेतली तर निळ्या शर्टाचा माणूस खरोखरच स्टँडच्या बाकावर झोपलेला. चौथी नापास होता का, हे विचारण्याचं धाडस कंडक्टरने केलं. होता. तेव्हापासून त्या मार्गावरचे कंडक्टर गाडी सोडण्याआधी हेडमास्तरांकडे बघायचे आणि त्यांनी मान हलवली की मगच डबल बेल द्यायचे.

अशा माणसाच्या हाताखाली माझी पहिली नेमणूक झाली. आमचं घर यवतमाळ शहरातलं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका कोर्टात; आमच्या घराण्यात शेत कोणी पाहिलं असेल तर ते फाइलीत. नेमणुकीच्या कागदावर झरी जामणी तालुका वाचून आईने डोळ्यांना पदर लावला आणि वडिलांनी नकाशा काढला. मी स्वतः तोंड फुगवून तीन दिवस कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी एसटीतून ट्रंकेसकट उतरले तर समोर एक किडकिडीत गृहस्थ उभे. पँटच्या एका पायाला सायकलची क्लिप, खिशाला निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं, कानावर पेन्सिल. ना नमस्कार, ना प्रवास कसा झाला. "या मॅडम. पट एक्केचाळीस हाये, म्हून तुमी हाये," असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर चढवली. मला वाटलं, वेड्याच्या हाती सापडले. अर्थ नंतर कळला. त्या वेळी कार्यालयाने आम्हाला सांगितलेला हिशोब असा होता की चाळीस मुलांपर्यंत एकच शिक्षक. एक्केचाळिसावं मूल असेल तर दुसरा. म्हणजे शाळेतलं कोणतंही एक पोर कमी झालं की मी त्या गावात नसणार होते. त्या दिवशी मला हे कळलं असतं तर मी स्वतः एखाद्या पोराला मामाकडे पोचवून आले असते.

शाळा दोन खोल्यांची आणि एका व्हरांड्याची. एका बाजूला गाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, आणि टेकडीच्या अंगाला कोलामांची वस्ती, म्हणजे पोड. तिथल्या मुलांच्या घरच्या भाषा पाच: वऱ्हाडी, गोरबोली, कोलामी, गोंडी आणि दोन घरांत तेलुगू. मी पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गाला "आईला काय म्हणता?" असं विचारलं तर एक 'माय' म्हणालं, एक 'याडी' म्हणालं, एक 'अम्मा' म्हणालं आणि बाकीच्यांनी आईचं नावच सांगितलं. मी गांगरून हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी शांतपणे भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. तिथे सगळं लिहिलेलं होतं. त्या शाळेत भिंत अशी नव्हतीच, तक्ते होते. भाषानिहाय तक्ता, घर ते शाळा अंतरनिहाय तक्ता, भावंडनिहाय तक्ता, नदी-नाला आडवा येतो की नाही याचा तक्ता, आणि प्रत्येकापुढे वाचन, लेखन, बेरीज, वजाबाकी अशी प्रगती. कागदाला तोटा नव्हता. ती कापसाची वाईट वर्षं होती. दर हंगामात कोणत्या ना कोणत्या बियाण्याची जीप यायची आणि नव्या वाणाची पोस्टरं वाटून जायची. मागच्या वर्षीचं बियाणं कुठे गेलं हे कोणी विचारायचं नाही. हेडमास्तर ती पोस्टरं गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूला तक्ते आखायचे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की गैरहजेरीच्या रकान्यातून भलंमोठं बोंड उमलताना दिसायचं.

शासनाने मागितलेले रकाने भरून झाले की ते आपले स्वतःचे रकाने सुरू करायचे. मुलं अभ्यासात पुढे का जातात आणि मागे का राहतात, याचं कारण कुठेतरी नक्की सापडणार आणि ते आपल्याच शाळेत सापडणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यापायी त्यांनी कोणाच्या घरी काय पाळलंय याची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की बकरीवाले बेरजेत हुशार असतात आणि कोंबडीवाले वजाबाकीत. "बकरीले पिल्लं होत जाते मॅडम, पोट्टे मोजत जाते. कोंबडी मांजर नेते, मंग उरल्या किती?" मी म्हटलं, "सर, आणि गुणाकारात कोण हुशार?" मी चेष्टेने विचारलं होतं. ते चार दिवस विचारात पडले. पाचव्या दिवशी गुणाकारात कच्च्या असलेल्या एका मुलीच्या बापाला रस्त्यात अडवून म्हणाले, "पोरगी हुशार हाये तुयी, पन सशाबिगर काही होनार नाई." त्या बिचाऱ्याने ससा आणला. ससा एका आठवड्यात पळाला. हेडमास्तरांनी तक्त्यात तिच्या नावापुढे 'वजाबाकीत प्रगती' असं लिहिलं.

पण दातांच्या प्रकरणाने त्यांनी कळस केला. वरून पत्र आलं की पहिलीची प्रकट वाचनाची चाचणी अमुक तारखेला घ्यावी. हेडमास्तरांनी लगेच पहिलीची सगळी पोरं व्हरांड्यात उभी करून तोंडं उघडायला लावली आणि उलट टपाली कळवलं की अकरापैकी सात विद्यार्थ्यांचे पुढचे दात पडलेले असल्यामुळे उच्चार स्पष्ट येणार नाहीत, सबब चाचणी दात येईपर्यंत पुढे ढकलावी. असलं पत्र आलं की कार्यालय काय करतं? पुरावा मागतं. कोणीतरी गमतीने किंवा कंटाळून लिहिलं असेल, 'दात पडल्याबाबत पुरावा सादर करावा.' आमच्याकडे पडलेला दात कौलावर फेकायची रीत आहे. हेडमास्तर शिडी घेऊन सात घरांच्या कौलांवर चढले. बाया खाली उभ्या राहून ओरडत होत्या, "मास्तर, दात खाली आनू नका, पोट्टीले नवा येनार नाई!" यांनी सगळ्यांना शब्द दिला की दात परत मिळतील आणि जिथे होते तिथेच ठेवीन. मग काड्यापेटीत सात दात घालून अर्जाला जोडले. सहपत्रे : सात. दोन महिन्यांनी फाइल परत आली ती पंचायत समितीतल्या समस्त कारकुनांनी हाताळून. चाचणी पुढे ढकलली होती, पण पेटीत दात सहाच. एक दात कार्यालयात गहाळ. त्या एका दातासाठी हेडमास्तरांनी किती स्मरणपत्रं पाठवली ते मला ठाऊक आहे, कारण त्यांचं अक्षर वाईट म्हणून ती सगळी मीच लिहिली. सातही पोरांना दरम्यान नवे दात आले, त्यांतले दोन किडलेही, तरी पत्रव्यवहार चालू होता. बाकीचे सहाही त्यांनी कौलांवर ठेवले नाहीत. कोणाचा हरवलाय ते कसं ओळखणार, असा त्यांना प्रामाणिक प्रश्न पडला होता.

मी तेव्हा बदलीचे अर्ज करत होते. अर्ज हेडमास्तरांमार्फत जायचे, त्यामुळे ते त्यांनी मोजणं ओघाने आलंच. मुलांच्या प्रगतीच्या तक्त्यांत एका कोपऱ्यात छोटासा रकाना होता : 'मॅडमचे अर्ज'. जुलैत तीन, ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबरमध्ये एक. मला तो दिसला तेव्हा माझा असा संताप झाला की मी खडूचा डबा आपटून घरी निघून गेले. ऑक्टोबरमध्ये मात्र का कोण जाणे, अर्ज लिहायला बसले आणि मध्येच पहिलीच्या पोरींना रिबिनी कशा बांधायच्या याचा विचार करत राहिले. महिना संपला त्या दिवशी हेडमास्तरांनी रकान्यात शून्य लिहिलं आणि स्वतः चुलीवर चहा करून आणला. चहा भयंकर होता. "मॅडम, शून्यालेही किंमत असते," एवढंच म्हणाले आणि वर्गावर गेले. त्यानंतर मी अर्ज केला नाही.

दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट कपाशीत उतरायचा. एका वर्षी पाऊस दडी मारायचा, दुसऱ्या वर्षी बोंडअळी पडायची, तिसऱ्या वर्षी भाव पडायचा; गावात त्याबद्दल कोणी फार बोलत नसे, घरातला प्रत्येक हात वेचणीला लागायचा इतकंच. वर्गात भिंतीवरचे तक्ते आणि मी, दोघंच उरायचो. यावर हेडमास्तरांनी काढलेली युक्ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती आणि सुचली असती तर लाज वाटून सोडून दिली असती. त्यांनी आईबापांशी करार केला : सकाळी वेचणी, अकराला शाळा. आणि करार पाळला जावा म्हणून दहा वाजता सायकलच्या कॅरिअरवर शाळेची पितळी घंटा बांधून, हजेरीपट काखेत मारून ते शेताच्या बांधावर हजर व्हायचे. ठण ठण ठण घंटा द्यायचे आणि छातीइतक्या कपाशीकडे बघत नावं पुकारायचे. पोरं दिसायची नाहीत, नुसतं पांढऱ्या शेतातून कुठूनतरी "हजर!" उठायचं. एखादं पोर पाणी प्यायला गेलेलं असलं तर त्याची माय ओरडायची, "हजर! थो पानी पेऊन राह्यला!" हेडमास्तर थांबायचे, पोर परत आलेलं डोळ्यांनी बघायचे आणि मगच नोंद करायचे. हजेरी संपली की पाढे. "सात आठं?" आणि कपाशीतून सत्तर वर्षांच्या म्हातारीचा आवाज यायचा, "छप्पन!" दोन हंगामांत गावातल्या बायांचे पाढे असे पक्के झाले की आठवडी बाजारातले भाजीवाले त्यांना बघून वजन नीट करायला लागले. मग ती सगळी वरात घंटेमागोमाग शाळेकडे निघायची, पोरांच्या केसांत कापूस अडकलेला, आणि मी व्हरांड्यात उभी राहून तो वेचायची.

आता ठिपक्याचं सांगायला हवं. हजेरीपटात दोनच गोष्टी लिहायची मुभा असते, हजर किंवा गैरहजर. पण त्या वर्षांत काही घरं दिवाळीनंतर कुलूप घालून पैनगंगेपलीकडे मजुरीला जायची आणि पोरंही बरोबर न्यायची. अशा पोराला गैरहजर लिहायला हेडमास्तरांचा हात धजत नसे. आणि हजर तर ते मेले तरी लिहिणार नव्हते. नसलेलं पोर हजर दाखवणाऱ्या माणसाचा उल्लेख ते सापाचा करावा तसा आवाज खाली आणून करायचे. म्हणून त्यांनी तिसरी खूण काढली होती. निळ्या पेनाचा एक ठिपका. मी विचारलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "वाटेत हाये." "कोणाच्या वाटेत?" "शाळेच्या. जानारा तिकडून निघतेच ना कधीतरी? निघाला म्हंजे वाटेत. मंग गैरहजर काहून लिहू?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी ठिपका एकच होता, लच्छीचा. लच्छी तिसरीतली, पोडावरची, आणि बाकी उरणारा भागाकार न रडता करणारी शाळेतली एकमेव व्यक्ती. त्यात मी आणि हेडमास्तर दोघंही आलो. आईबाप तिला घेऊन नदीपलीकडे गेले होते, मागे आजी एकटी. संक्रांतीपर्यंत येतो असा निरोप होता. हेडमास्तर रोज संध्याकाळी साडेपाचच्या गाडीवर जाऊन उतरणारी माणसं मोजायचे आणि एकटेच परत यायचे.

आणि संक्रांतीच्या दोन दिवस आधी पट तपासायला विस्तार अधिकारी येणार असं पत्र आलं. प्रत्यक्ष डोकी मोजणार होते. पटावर एक्केचाळीस, त्यातला एक ठिपका. मी हिशोब केला : चाळीस डोकी, म्हणजे एकच शिक्षक. ज्या गावात येताना मी तोंड फुगवलं होतं त्या गावातून जावं लागेल या कल्पनेने मला रडू यायला लागलं, आणि त्याचा मला स्वतःचाच राग आला. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, लच्छी नाही आली तर?" ते म्हणाले, "येते. वाटेत हाये थे."

साहेब सकाळी दहालाच आले. त्या दिवशी त्यांना आणखी पाच शाळा करायच्या होत्या. शाळेत कोणी नाही हे पाहून त्यांचा पारा चढला, पण हेडमास्तरांनी त्यांना सायकलमागून चालवत बांधावर नेलं आणि मी मागोमाग धावले. साहेबांचे बूट नवे होते; ते शेतात उतरायला तयार नव्हते. बांधावर उभे राहून म्हणाले, "घ्या तुमची हजेरी. मी आवाज मोजतो." घंटा झाली. एकेक नाव, एकेक "हजर!" साहेब बोटांच्या पेरांवर मोजत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत चालला होता, अशी हजेरी त्यांनी जन्मात ऐकली नसणार. हेडमास्तर रोजच्या सवयीने ठिपक्यावरचं नावही गाळत नसत. त्यांनी पुकारलं, "लच्छी." मग कपाशीतून आवाज आला, "हजर!"

साहेबांनी अंगठा शेवटच्या पेरावर टेकवला. "एक्केचाळीस. शाब्बास मास्तर." आणि प्रपत्रात लिहायला पेन काढलं. मी देवाचं नाव घेतलं. पण हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडली होती. हजेरीपट माझ्या हातात कोंबून ते कपाशीत घुसले आणि मिनिटाभराने एका म्हातारीला हाताला धरून बाहेर घेऊन आले. लच्छीची आजी.

"साहेब, लिहू नका. हे लच्छी नाई."

साहेबांनी म्हातारीकडे पाहिलं. त्यांना ते दिसत होतं.

"आजी, तुमी कायले हजर म्हनलं?"

म्हातारी अजिबात ओशाळली नाही. "थे येऊन राह्यली ना मास्तर. तुमीच त म्हनता रोज, वाटेत हाये म्हून. मंग कोनीतरी ओ द्यावं का नाई पोरीले?"

साहेब भला माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, बुटांवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "जाऊ द्या हो मास्तर. मी ऐकलेलं लिहितो. एक्केचाळीस ऐकले." त्या वेळी नुसती मान हलवायची होती. अख्ख्या एसटीला मान हलवून सोडणारा हा माणूस, तेवढी एक मान त्याला हलवता आली नाही. एकदा माझ्याकडे बघून त्यांनी नजर वळवली आणि म्हणाले, "साहेब, तिच्यापुढी ठिपका हाये. ठिपका म्हंजे गैरहजर नाई. पन हजरही नाई."

"मग लिहू काय? चाळीस का एक्केचाळीस?"

"चाळीस. अन् एक ठिपका."

प्रपत्रात ठिपक्याचा रकाना नव्हता. साहेबांनी चाळीस लिहिले, सही केली आणि गाडी धूळ उडवत पुढच्या शाळेला गेली. मी दिवसभर हेडमास्तरांकडे पाठ करून डोळे पुसत पाढे घेतले आणि पोरांनीही भीतीने एकदाही चूक केली नाही. संध्याकाळी मी खोलीवर बसले होते तर बाहेर सायकलची घंटी आणि शाळेची घंटा एकदमच ऐकू आली. पाहते तर हेडमास्तर धावत्या सायकलवर, आणि पुढच्या दांड्यावर बोचकं घट्ट धरून बसलेली लच्छी. साडेपाचच्या गाडीने आली होती. "आली ना? म्हनलं होतं ना म्या? वाटेत हाये म्हनलं होतं का नाई?" ते प्रत्येक दाराशी सायकल थांबवून सांगत होते. माझ्या दारात येऊन त्यांनी हजेरीपट उघडला, ठिपक्यावर ऐटीत 'ह' काढला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, कागद गेला. मी अतिरिक्त झाले." तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. ते खूप वेळ पेनाला टोपण लावत राहिले. टोपण हिरव्या पेनाचं होतं.

जूनमध्ये माझं समायोजन दिग्रसजवळच्या शाळेत झालं. आईने पेढे वाटले. मला पोचवायला सगळी शाळा गाडीवर आली होती. हेडमास्तरांनी ट्रंक चढवली, खिडक्यांमधून नेहमीप्रमाणे माणसं मोजली आणि कंडक्टरला म्हणाले, "एक जास्त झालं." कंडक्टरने दोनदा मोजलं. तिकिटांइतकीच माणसं होती. "राहू द्या मंग," ते म्हणाले, "मीच चुकलो असन." मोजण्यात चुकलो असं त्यांनी कबूल केलेलं मी त्या एकदाच ऐकलं.

दिग्रसला सहा वर्षं गेली. मोठी शाळा, पक्की सडक, दाराशी एसटी. तिथे हजेरी दोन मिनिटांत व्हायची आणि ओ देणाऱ्याकडे कोणी वळून बघत नसे. मला बढती मिळाली तेव्हा कोणती शाळा हवी असं विचारलं गेलं आणि मी सांगितलेलं नाव ऐकून पलीकडच्या माणसाने ते पुन्हा सांगायला लावलं. तिथला पट पुन्हा वाढला होता आणि हेडमास्तर त्याच महिन्यात निवृत्त होत होते. चार्ज मला त्यांच्याकडूनच घ्यायचा होता.

ते टेबलाशी यादी घेऊन बसले होते. पूर्वीपेक्षा किडकिडीत, खिशाला तीच तीन पेनं. एकेक वस्तू ते माझ्यापुढे ठेवायचे आणि मी खूण करायची. पितळी घंटा एक. नकाशे तीन, पैकी एक उंदरांनी खाल्लेला, विदर्भ शाबूत. तराजू एक. काड्यापेटी एक, आत दात सहा. "सातवा आला तर जमा करून घ्या मॅडम, पत्रव्यवहार फाइलीत हाये." सगळ्यात शेवटी त्यांनी एक जाड वही पुढे सारली. ती यादीत नव्हती. वर लिहिलं होतं, 'शिक्षक हजेरी, खाजगी'. आत नावं दोन. त्यांचं आणि माझं. त्यांच्या नावापुढे सहा वर्षांचे 'ह'. माझ्या नावापुढे सहा वर्षांचे निळे ठिपके. रविवार सोडून, दिवाळीची सुट्टी सोडून, एकही दिवस न चुकवता.

मी पानं उलटत आजच्या तारखेपर्यंत आले. त्यांनी वही आपल्याकडे वळवून घेतली, त्या दिवसाच्या घरात सावकाश 'ह' काढला आणि म्हणाले, "लय उशीर केला, मॅडम."

आता ते नागपूरला मुलाकडे असतात. अधूनमधून पत्र येतं आणि पत्रात तक्ता असतो. त्यांच्या इमारतीत कुटुंबं किती, भाषा किती, शाळेत जाणारी मुलं किती, त्यांपैकी पुढचे दात पडलेली किती. मागच्या पत्रात इमारतीच्या मासिक सभेची हजेरीही होती. नावं पुकारल्यावर कोणी ओ देत नाही, नुसते हात वर करतात, अशी तक्रार होती. शेवटी एकच ओळ : 'पट कळवा.' मी ती खाजगी वही काढली. त्यांच्या नावापुढे आजचा ठिपका ठेवला, कालच्या ठिपक्याशेजारी, आणि मग उत्तर लिहिलं : 'पट चव्वेचाळीस. शिक्षक दोन, अन् एक ठिपका.'